गणिताच्या तासाला मुलांना बोलू द्या

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर
आणि जिल्ह्यातील सर्व मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

२०२४ साली राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक प्रस्ताव चर्चेत आला. दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी मुलाला पुढे सोडावे, गुणपत्रिकेवर तसा शेरा मारावा, असा तो प्रस्ताव. स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडले. एक म्हणे दर्जा बुडाला, दुसरा म्हणे पोरं सुटली. रेघ ३५ वर हवी की २० वर, यावर बोलायला सगळ्यांना आवडते. पण त्या रेघेखाली मुले राहतातच कशी आणि वर्षभर रोज एक तास ती गणिताला बसतात तेव्हा वर्गात नेमके काय चालते, हा विषय निघाला की जो तो घड्याळाकडे बघतो. मी करवीर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. हे पत्र त्या तासाबद्दल आहे.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबले तरी चालेल. पाचवी ते नववीच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकदा गणिताचे दोन तास सलग द्या. त्या जोडतासात मुले गटात बसून एकच प्रश्न सोडवतील. त्या दिवशी धडा पुढे सरकला नाही तरी चालेल, असे शाळांना लेखी कळवा. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी त्या वेळी वह्या न मागता मुलांचे बोलणे ऐकावे.

सध्याचा उपाय आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. चाचणी घ्यायची, कच्च्या मुलांची यादी काढायची आणि शाळा सुटल्यावर त्यांना जादा तासाला बसवायचे. जादा तासात काय, तर सकाळी जे समजले नाही तेच संध्याकाळी, थोड्या मोठ्या आवाजात. मुले दमलेली, शिक्षक दमलेला, एसटी चुकायची धास्ती. यादीत नाव आले की त्या मुलाने स्वतःबद्दल एक निकाल लावून टाकलेला असतो, तो वेगळाच. शाळकरी मुलांना काय येते ते तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी साधा भागाकार करू शकणारी मुले ३०.७ टक्के होती. मागच्या वेळेपेक्षा आकडा वर गेला आहे, हे खरे. पण उरलेली साधारण ७० टक्के मुले पुढे आमच्याच हायस्कुलात येतात आणि त्यांच्यासमोर आम्ही बैजिक राशी मांडतो.

आता एक तास जवळून दाखवतो. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात लहान पोरांनाही दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. आठवीच्या वर्गात फळ्यावर एवढेच लिहिले: सकाळी ८ वाजता पाणी ३६ फूट ५ इंच, दुपारी २ वाजता ३७ फूट २ इंच. इशारा पातळी कधी गाठेल? सूत्र दिले नाही आणि कोणत्या प्रकरणातले आहे तेही सांगितले नाही. पहिली दहा मिनिटे ज्याने त्याने एकट्याने वहीत झगडायचे, मग चौघांचा गट.

खिडकीकडच्या एका गटाने पटकन ३७.२ मधून ३६.५ वजा केले. सहा तासांत ०.७ फूट, अजून १.८ फूट राहिले, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत. मागच्या गटाचे उत्तर आले पहाटे ४ वाजून ४० मिनिटे. उत्तरे इतकी जवळ होती की दोन्ही गट आपापल्या जागी खूश. मी काही बोललो नाही, दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. मग सुरू झाले.

"आरं, पॉइंट सात कुठनं आणलास? नऊ इंच हाय ते."

"सदतीस पॉइंट दोन वजा छत्तीस पॉइंट पाच. करून बघ की."

"फुटाला इंच किती असत्यात?"

"बारा."

"मग पाच इंच म्हंजे पॉइंट पाच कसं हुईल? पॉइंट पाच म्हंजे अर्धा फूट, सहा इंच झालं की ते."

पहिला मुलगा गप्प झाला. मग स्वतःच पुटपुटला, "म्हंजे आपलं तासाला दीड इंच." राहिलेले अंतर २२ इंच, तासाला दीड इंच, म्हणजे १४ तास ४० मिनिटे. दशांश अपूर्णांकाचा पाया म्हणतात तो हाच आणि तो त्या वर्गात चार वाक्यांत रोवला गेला. मी हेच गेली कैक वर्षे फळ्यावर लिहून देत आलो आहे आणि मुले ते सुबक अक्षरात उतरवून घेत आली आहेत.

पण गंमत पुढे आहे. चिखलीकडची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "सर, नदी काय सारखी चढत न्हाई. शिवारात पाणी शिरलं की पसरतंय, मग चढ कमी हुतोय." कुणीतरी उत्तर दिले, "आणि राधानगरीचं दार उघडलं तर?" राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला की एकामागे १४२८ क्युसेक, हे मुलांनी बातम्यांत ऐकलेले असते. चार दरवाजे उघडले तर किती, ते पाणी इथे पोचायला किती वेळ घेईल, तोपर्यंत पाऊस थांबला तर काय? आमचे उत्तर ज्या गृहीतकावर उभे होते, त्यालाच मुलांनी हात घातला. पाठ्यपुस्तकातले उदाहरण कितीही चांगले असले तरी असा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही, कारण मागच्या पानावर उत्तर छापलेले असते.

आता कुणी म्हणेल, हा हुशार वर्ग असेल. नाही. मुलांची यादी काढली तर निम्मी जादा तासाला बसतील असाच तो वर्ग आहे.

या ठिकाणी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातली एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या जादा तासांच्या मुळावर येते. १९७० च्या दशकात तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) मोठ्या संख्येने नापास होत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र पुढे असत. प्राध्यापकांनी नेहमीची कारणे सांगितली. घरची गरिबी, जिद्द नाही, शाळेतला पाया कच्चा, आईवडिलांचे लक्ष नाही. युरी ट्रिसमन या गणित शिकवणाऱ्या तरुणाने ही कारणे तपासली आणि एकही टिकले नाही. मग तो मुले अभ्यास कसा करतात ते बघायला त्यांच्यामागे गेला. चिनी मुले वर्गानंतर एकत्र बसून गणिते सोडवत, एकमेकांची उत्तरे तपासत, खोड काढत. कृष्णवर्णीय मुले कष्ट करत होती, पण एकेकटी. खोलीचे दार लावून. अडले की अडलेच.

ट्रिसमनने जे केले त्यात खरी गोम आहे. त्याने या मुलांसाठी सोप्या गणितांचा उजळणी वर्ग काढला नाही. नेहमीपेक्षा अवघड गणिते काढली आणि ती गटात सोडवायला दिली. तुम्ही मागे पडलात म्हणून या, असे न सांगता तुम्हाला जमेल म्हणून या, असे सांगितले. मुलांचे निकाल स्पष्टपणे सुधारले आणि ती पद्धत पुढे इतर अनेक विद्यापीठांनी उचलली. आपण मात्र मूल कच्चे दिसले की त्याच्या ताटातून अवघड प्रश्न काढून घेतो. एकदा काढला की तो पुन्हा वाढला जात नाही.

कोल्हापुरात हे समजावायला बर्कलीपर्यंत जायचीही गरज नाही. तालमीत वस्ताद प्रत्येक पोराशी स्वतः लढत बसत नाही. तो जोड लावून देतो आणि हौद्याच्या कडेला उभा राहून बघतो. पाय चुकीचा पडला की थांबवतो, दोन शब्द सांगतो, पुन्हा लावतो. जोड कुणाशी कुणाची लावायची, हीच त्याची विद्या.

ती विद्या गणिताच्या वर्गात नसेल तर गटकार्याचा विचका होतो, हेही सांगितले पाहिजे. 'हुशार मुलाने कच्च्या मुलाला शिकवावे' असा एक सोपा समज आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेख आहे, तोही प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली, हा भाग आपण वाचताना गाळतो. एक पुढचा आणि एक मागचा असे शेजारी बसवले आणि पुस्तकातले उदाहरण दिले की काय होते? पुढचा दोन मिनिटांत सोडवतो, वही सरकवतो, मागचा उतरवून घेतो. दोघेही मोकळे. त्याला सहकार्य म्हणायचे असेल तर परीक्षेतल्या कॉपीलाही म्हणावे लागेल.

म्हणून प्रश्न असा हवा की गटातल्या कुणालाच तो बघताक्षणी सुटू नये. गटाला पेन एकच द्यायचे आणि ज्याच्या हातात पेन त्याने फक्त दुसऱ्याने सांगितलेले लिहायचे. उत्तर सांगायला कोण उठणार ते शेवटी हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठीवर ठरवायचे. चिठ्ठी कुणाचीही निघू शकते म्हटल्यावर चौघांनाही समजल्याशिवाय गट गप्प बसत नाही. आणखी एक बारीक गोष्ट माझ्या लक्षात आली ती इथे नोंदवतो. मुलामुलींच्या मिश्र गटात अक्षर चांगले म्हणून लिहिण्याचे काम मुलीकडे जाते आणि बोलण्याचे मुलाकडे. तासभर ती लेखनिक होऊन बसते. पेन फिरते ठेवायला शिक्षकाने मुद्दाम लक्ष घालावे लागते.

शिकवणाऱ्या मुलाचा वेळ फुकट जातो, अशी पालकांची तक्रार असते. उलटाच अनुभव आहे. अपूर्णांकाने भागताना 'उलटा करून गुणायचे' हे वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीला तोंडपाठ होते. शेजारणीने विचारले, "का पण?" तिला सांगता येईना. "सरांनी सांगितलंय म्हणून," असे म्हणून बघितले, पण शेजारीण ऐकेना. शेवटी शेजारणीनेच तोडगा काढला. तीन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर पिशव्या किती? सहा. म्हणजे तीन भागिले अर्धा बरोबर सहा, उलटे करून गुणले तरी तीन गुणिले दोन, सहाच. या शेजारणीच्या घरी गोठा आहे आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालण्याचे काम तिच्याकडे असते. चाचणीत तिला पाचसुद्धा गुण पडत नाहीत.

अशा मुलांबद्दल २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांना पारखले. ही मुले गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना गुंतागुंतीचे हिशोब तोंडी करत, पण तीच आकडेमोड कागदावर शाळेच्या पद्धतीने दिली की अडकत. ज्यांनी बाजार कधी केला नाही ती शाळकरी मुले कागदावर बरी, पण बाजारातल्या हिशोबात मागे. दोन्हीकडचे ज्ञान आपापल्या जागी बसून राहते. कपिलतीर्थ मार्केटमध्ये आईशेजारी बसून मेथीची पेंडी विकणारे पोर आणि घरून डबा, क्लास, टॅब सगळे असलेले पोर, ही दोन्ही आपल्या एकाच वर्गात असतात. त्यांना एकाच प्रश्नावर बसवले तर एकाचे दुसऱ्याला मिळते. एरवी दोघांची गाठ फक्त प्रार्थनेच्या रांगेत पडते.

प्रश्न आणायचे कुठून, असे शिक्षक मित्र विचारतात. आपल्या जिल्ह्यात बसून हा प्रश्न पडावा? २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. उतारा १२.२५ टक्के असेल तर टनाला किती? ४२४२ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, ती अंतरावर अवलंबून. नववीला रेषीय समीकरण शिकवायला याहून सरस काय हवे? या प्रश्नावर शिरोळ-कागलच्या कुठल्याही वर्गात घरचा अनुभव नसलेले पोर सापडणार नाही. मी हे उदाहरण दिले तेव्हा मागून एकजण म्हणाला, "सर, काटा मारला तर ते ह्यात कुठं दिसतंय?" सगळा वर्ग हसला, पण मग आम्ही तेही बसवले. वीस टनाच्या खेपेला एक क्विंटल मारला तर शेतकऱ्याचे किती टक्के गेले? इचलकरंजीच्या शाळांना यंत्रमागावरची 'पिका'वरची, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर मोजली जाणारी मजुरी आहे, हुपरीला चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, आहे. प्रश्नपेढी पुण्याहून यायची वाट बघायची गरज नाही.

खालच्या वर्गांसाठी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची देणगी आहेच. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तिथे ते अडकते. संख्या कोणतीही घ्या, फार तर सात पायऱ्यांत ६१७४. कापरेकरांना हे १९४९ मध्ये सापडले. सहावीच्या वर्गात हा खेळ लावला की हातच्याच्या वजाबाक्या मुले न सांगता डझनावारी करतात. ज्याचे ६१७४ येत नाही त्याची कुठेतरी चूक आहे, हे त्याला स्वतःलाच कळते आणि ती शोधायला शेजारचा टपलेलाच असतो. लाल पेनाचे काम उरत नाही.

जयंत नारळीकर १९३८ मध्ये आपल्या कोल्हापुरात जन्मले, लहानपण बनारसला गेले. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांच्या घरी राहात असताना घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एखादे आव्हानाचे गणित लिहून ठेवत. ते गणित भाच्याने सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत तिथेच राही. आपल्या वर्गात गणित फळ्यावर चार मिनिटे राहते. तेवढ्यात कुणी हात वर केला नाही तर शिक्षकच सोडवतो, कारण घटक नियोजनात आजच्या तारखेला पुढचा संच लिहिलेला असतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत. गोंगाट होतो. होतो, शेजारच्या वर्गाचे शिक्षक येऊन दारात उभे राहतात. जोडतास शेवटचा ठेवला तर त्रास कमी होतो. पन्नास-पंचावन्न मुलांत गट कसे पाडायचे? पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून बसायचे, खुर्च्या-टेबलांच्या सोयीची वाट बघू नये.

पाठांतराचे काय, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पाढे पाठच हवेत. ज्याला सात आठे छप्पन्न चटकन आठवत नाही त्याचे सगळे लक्ष त्यातच जाते, प्रश्नाकडे बघायला उरत नाही. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून हेच मांडले आहे की, नवख्या विद्यार्थ्याला आधी सोडवून दाखवलेली उदाहरणे लागतात, नुसते प्रश्नात ढकलून दिले तर तो बुडतो. मला हे पटते. म्हणूनच मी आठवड्याचे सगळे तास मागत नाही. नवी कल्पना शिक्षकानेच नीट शिकवावी, सराव करून घ्यावा. जोडतासाच्या शेवटीही दहा-पंधरा मिनिटे शिक्षकाची असावीत. दोन गटांच्या पद्धती शेजारी मांडायच्या, पुस्तकात याला काय म्हणतात ते सांगायचे. हा शेवट सोडला तर तास मजेचा होतो आणि मुले काय शिकली ते मुलांनाही सांगता येत नाही.

अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही, ही भीती मुख्याध्यापकांना जास्त. पण आज तो पूर्ण होतो म्हणजे काय होते, ते आपण दहावीच्या सराव परीक्षेत बघतोच.

साहेब, राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड लावला. मूल शाळेत आणण्याचे काम तेव्हाच मार्गी लागले. त्या वारशाचे फलक आपण दर जूनमध्ये लावतो. आता वर्गाच्या आतले बघू या.

सुरुवात मोठी नको. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-तीन शाळा, त्याही ज्यांचे गणित शिक्षक आपणहून तयार असतील त्याच. सक्तीने घातलेला उपक्रम फळ्याच्या कोपऱ्यात तारीख टाकण्यापुरता उरतो. या शाळांतल्या मुलांची जूनमध्ये एक चाचणी, मार्चमध्ये तशीच एक, आणि शेजारच्या शाळांतल्या मुलांचीही. चाचणीत निम्मे प्रश्न नेहमीचे आणि निम्मे न बघितलेले असावेत. फरक पडला नाही तर बंद करा, मी स्वतः तसे लिहून देईन. तालुक्याच्या गणित शिक्षकांच्या बैठकीत परिपत्रके वाचण्याऐवजी आम्हा शिक्षकांनाच गटात बसवून एखादा प्रश्न सोडवायला लावा. आम्ही चौघे एकत्र बसलो की कोण गप्प बसतो आणि कोण पेन सोडत नाही, ते आम्हालाही कळू द्या. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला यात घ्या. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आज बहुतेक ठिकाणी डोळे झाकून दिले जातात. त्यातले काही अशा कामासाठी वापरता येतील का, हा प्रश्न मंडळाकडे आपण मांडावा.

एक विनंती हात जोडून. या उपक्रमाची लिंक काढू नका. फोटो, जिओ टॅग, गुगल फॉर्म, रोजचा अहवाल, यातले काहीही मागू नका. गट चर्चा करत असताना शिक्षक मोबाइल घेऊन फोटो काढत फिरू लागला की ऐकायचे राहून जाते आणि मुले फोटोसाठी चर्चा करू लागतात.

नवीन वर्षाचे वेळापत्रक शाळा एप्रिलअखेर बसवतात. जोडतास द्यायचा तर मुख्याध्यापकांना त्याआधी पत्र मिळाले पाहिजे. नंतर मिळाले तर कार्यानुभवाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांशी तासांची अदलाबदल करण्यात जून निघून जाईल आणि जुलैत पाणी बंधाऱ्यावर आले की शाळांना सुट्ट्या लागतील. प्रश्नांचा पहिला संच, पाचवी ते नववी, मी आणि आसपासच्या शाळांतले काही शिक्षक मिळून तयार करतो आहोत. आपण वेळ द्याल त्या दिवशी घेऊन येतो.

आपला विश्वासू,
एक गणित शिक्षक
ता. करवीर, जि. कोल्हापूर